पलीकडची बाजू

बसंतीबाईची हौस एकच, आणि ती बारा वर्षं तशीच राहून गेलेली: लेकीला कोर्टात बोलताना एकदा ऐकायचं. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातली पहिली वकील तिची जया, आणि खुद्द आईनं तिचा एक शब्द ऐकलेला नाही! तांड्यातल्या बाया विचारत, "जया खुनाच्या केसी लढते का वं?" "नाही, व्यापाराच्या," एवढंच ती सांगे. पुढं काय सांगणार, कपाळ? जया नागपुरात करार मोडल्याचे, मालात खोट निघाल्याचे, भागीदार भांडल्याचे दावे लढवायची. त्यात ना पोलीस, ना रक्त.

ऐकायची सवय मात्र बसंतीबाईला जुनी. नवरा लालसिंग तांड्याचा नायक. त्याच्या अंगणात पंचायत बसली की बाप्ये बोलत आणि ही दाराआड उभी. जन्मभर नुसतं ऐकलं. आता तो राहिला नव्हता, पण पोरीनं तरी चार माणसांत तोंड उघडावं, यासाठी हिचा जीव तुटायचा.

शेवटी जयाचा एक दावा घराजवळच्या, यवतमाळच्या कोर्टात युक्तिवादाला आला. एका सूतगिरणीनं जिनिंगवाल्याकडून घेतलेल्या कापसाच्या गाठी ओल्या निघाल्या होत्या. जया सूतगिरणीकडून. बसंतीबाई नवं लुगडं नेसून दहालाच मागच्या बाकावर बसली. उठावं लागेल म्हणून पाणीसुद्धा प्यायली नाही.

पुकारा झाला आणि ऐन वेळी जिनिंगवाला म्हणाला, समझोता करतो. अटी चांगल्या होत्या, सूतगिरणीचा मालक लगेच तयार. जयानं वळून आईकडं पाहिलं. वाटलं, थांबा म्हणावं, निदान अर्धा तास बोलावं. पण पक्षकाराचं काम बिघडवून आईची हौस कशी फेडणार?

"मान्य आहे, सर," ती म्हणाली. संपलं.

बाहेर लिंबाखाली आई फुगून बसली.

"दोन शब्द? यासाठी येवढी शिकली?"

"याडी, जिंकलो ना आपण."

"जिंकनं पाहाले नव्हतो आलो मी. काय बोलनार होती, ते बोल आता."

जया हसली. मग आईचे डोळे दिसले तशी उभी राहिली आणि सगळं बोलली: करार काय होता, नमुना कसा होता, महिनाभरानं गोदामात तपासणी झाली तेव्हा ओल किती निघाली. जाणारे-येणारे थबकले. आई पापणी न लववता ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

बसंतीबाईनं पदर खोचला.

"आता पलीकडच्याकडून मी बोलतो. गाठी ओल्या होत्या, तं उतरून कायले घेतल्या? महिनाभर गोदामात ठेवल्या, तवा कोनाचं छप्पर गयत होतं? आमचे बुढे बैलावर माल वाहत. घेनारा तिथंच गोणीत हात घालून पाहे. तुमचा हात कुठी होता?"

त्या जिनिंगवाल्याच्या वकिलाला हे वर्षभरात सुचलं नव्हतं! आणि आईचा एवढा मोठा आवाज जयानं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

बसंतीबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"तुझ्या बापाच्या अंगणात मले एकडाव असंच बोलायचं होतं, माय," ती म्हणाली.