न पुसलेलं भिंग

मित्रांनो, रक्त तपासायच्या खोलीत कपाटावर धूळ खात पडलाय ना, तो मी. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्याकडून आता कुणाला काही अपेक्षा नाही, आणि खरं सांगू? मलाही नाही.

माझं काम सोपं होतं. खालून उजेड यायचा, काचपट्टीवरच्या रक्तातून आरपार जायचा, आणि माझी भिंगं ते चित्र मोठं करून डोळ्यापर्यंत पोचवायची. फार जवळजवळचे दोन ठिपके मात्र मला एकच दिसतात. उजेडाच्या लाटाच तेवढ्या मोठ्या, त्याला मी काय करणार! मग शेजारच्या खोलीत मोठं यंत्र आलं. ते उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन सोडतं, भिंगांच्या जागी चुंबकं वापरतं. त्याला विषाणूसुद्धा दिसतो. पण त्याच्या पोटात हवा चालत नाही, म्हणून जिवंत काही आत घालता येत नाही. त्याला गार खोली आणि रोजची पुसपास. माझ्यावर साधं फडकंही फिरेना. असो.

माझ्यावर काम करायची ती तपासनीस ताई. हाताला भारी वेग. माझ्या सगळ्यात ताकदवान भिंगाला तेलाचा थेंब लागतो, आणि काम झालं की तो मऊ कागदाने टिपायचा असतो. पण बाहेर रांग वाढली की ताई म्हणायची, नंतर पुसू. ते नंतर काही उजाडायचं नाही. तेल वाळलं, भिंगावर साय धरली.

एकदा तिने स्वतःच्या वडिलांचं रक्त तपासायला घेतलं. त्यांना थंडी वाजून ताप येत होता. ताई बराच वेळ डोळा लावून बसली. मी सगळं धुरकट दाखवत होतो, पण सांगायला मला तोंड कुठे? तिला वाटलं, जंतू उठून दिसावेत म्हणून रक्ताला लावलेला रंग नीट चढला नसेल, पण हिवतापाचे जंतू तर दिसत नाहीत. वडील बाहेर बाकावर बसले होते, ती त्यांच्याजवळ गेली.

“बाबा, काही निघालं नाही. साधा ताप आहे, घरी पडून राहा.”

लेकीने सांगितलं म्हटल्यावर ते निर्धास्त घरी गेले.

त्याच तापाने ते गेले. त्यांना शेवटचं पोचवून ती कामावर परतली. तिने भिंग पुसलं आणि तीच काचपट्टी लावली. सगळं लख्ख दिसत होतं. तांबड्या पेशींत जागोजागी अंगठीसारखे जंतू.

“इथंच होते,” ती म्हणाली.

इतकं स्वच्छ मी पूर्वी कधी दाखवलं नव्हतं, आणि ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. तिनेच मला उचलून इथे वर ठेवलं.

काम झालं की भिंग तेव्हाच पुसा, मित्रांनो. बाबा बाकावरून उठून दारापर्यंत गेले, तेवढाच वेळ लागतो.