पिशवीवरचं नाव

आमच्या घरची ज्वारी अर्धं गाव पेरतं. बियाची कणसं मी स्वतः निवडते, सुनांना हात लावू देत नाही. बी कापडी पिशवीतून द्यायचं आणि पिशवीवर लाल दोऱ्यानं 'सरजाबाई' असं काढायचं, ही माझी रीत. नाव नसलं तर पिशवी परत येत नाही. भांड्यांवर नाव घालतो, तसंच हे.

यंदा दसऱ्याच्या आधी बियाणं तपासणारे साहेब आले. पिशवी उलटीसुलटी करून म्हणाले, "आजी, घरचं बी विकायला शेतकऱ्याला मुभा आहे. पण नाव घातलं की तो ब्रँड होतो. परवाना दाखवा."

"नाव माझं, पिशवी माझी. माझ्याच नावाला परवाना लागतो व्हय? तुमच्याकडं हाय का तुमच्या नावाचा?"

साहेबांचं तोंड लाल झालं. बियाच्या खोलीला सील ठोकून ते निघून गेले.

शेजारची दगडाबाई रडकुंडीला आली. त्यांचं घर ऊसतोडीला जातं. "मामी, मुकादमाचा ट्रक पंधरवड्यात यायलाय. त्याच्या आत पेरलं न्हाई तर रान पडीक." अशी अकरा घरं माझ्या बियासाठी अडलेली.

गावातल्या बन्सीधरची लेक राजेश्री औरंगाबादला हायकोर्टात वकील आहे. तिनं सीलाविरुद्ध कोर्टात कागद केले आणि मला बोलावून घेतलं.

"मोठी आई, आत एक शब्द बोलायचा न्हाई."

"असं सांगायची तुझ्या आजोबाची बी हिंमत झाली न्हाई."

"कुणीतरी सांगितलं असतं तर सील लागलं नसतं."

आत जाऊन मी मागच्या बाकावर बसले. जज्जसाहेबांनी पिशवी हातात घेतली आणि सरकारी वकिलांना विचारलं, "हे नाव कशासाठी, असं बाईंना कुणी विचारलं का?" वकिलांनी कागद चाळले. कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाटलं, आता सील काढा म्हणतील. पण ते म्हणाले, "बियाणं कसं आहे, सील ठेवायचं की काढायचं, हे खात्याचं काम. ते आम्ही हातात घेणार नाही. मात्र बाईंचं ऐकून घ्या आणि चार दिवसांत ठरवा."

बाहेर येताच मी राजेश्रीवर तडकले. "परत त्याच माणसापुढं? मग इथवर कशाला आणलंस?"

"अधिकार त्यांचाच हाय, मोठी आई. पण आता तुमचं ऐकल्याबिगर त्यांना तो वापरता यायचा न्हाई."

घरी आले. स्वयंपाकघरात थोडं बी उरलं होतं. त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. चौथ्या दिवशी ती गुंडाळी घेऊन ऑफिसात गेले. साहेबांनी खुर्ची दिली. मीही जीभ आवरली. "साहेब, बायका पिशव्या परत आणत न्हाईत, म्हणून नाव काढते. बी विकायला मला नाव लागत न्हाई." त्यांनी गोणपाट उलगडलं आणि बोट लावून एकेक कोंब मोजला. चौऱ्याण्णव निघाले.

"हे आधीच सांगायचं ना, आजी."

"तुमी आधीच विचारायचं होतं."

त्याच दिवशी ते गावात आले आणि स्वतः सील काढलं. तपासायला मूठभर बी मागितलं, ते मी पसाभर दिलं. ते त्यांचं कामच आहे.

ट्रक यायच्या आत अकराही घरांची पेरणी उरकली. राजेश्रीचे आणि जज्जसाहेबांचे उपकार मी जन्मभर मानीन. आणि त्या साहेबांचेही मानते. आपणच ठोकलेलं सील गावादेखत आपल्या हातानं काढायचं, हे मला जमलं नसतं.