शामकलेची कलकत्त्याची रात

सुकराम गोंदिया स्टेशनात बत्तीवाला होता. सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरायचं, काचा पुसायच्या, दिवस बुडता शिडीवर चढून दिवे लावायचे आणि वाऱ्यानं विझले तर रात्री पुन्हा जायचं, हे त्याचं काम. बायको शामकला जवळच्या मुर्री गावातल्या घरी सासूसोबत कडी लावून झोपायची. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं.

रेल्वेच्या नोकरांना गाडीचा फुकट पास मिळे. बाकीचे लोक त्यावर काशी, प्रयाग करून येत. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सुकराम म्हणाला, "तुले कलकत्त्याले नेतो."

"तिथं कोणता देव हाय?"

"देव नाई. रात पाहाची हाय. मी जन्मभर दिवेच लावून राहिलो. दुसऱ्यानं लावलेले दिवे पाहाचे हायत."

सासूनं कपाळाला हात लावला, पण दोघं गेली. हावड्याला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरली. हाती पैसा बेताचाच होता, म्हणून जेवणाला घरून चिवडा आणि भाकरी बांधून आणल्या होत्या. संध्याकाळी होड्यांवर तरंगणारा पूल पायी ओलांडून ती ट्रामच्या मागच्या, स्वस्त डब्यात बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. दुकानांच्या काचांमागे विजेचे दिवे होते. एका थिएटरसमोर उतरून त्यांनी मोटारीतून येणारी माणसं पाहिली. तिकीट परवडणारं नव्हतं. सुकराम बराच वेळ दरवाज्यावरच्या रंगीत दिव्यांकडे बघत राहिला.

तिथून परतताना एका गल्लीत मांडव दिसला. कुठल्याशा देवीची पूजा होती आणि आत नाटक चाललं होतं, तेही फुकट. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. शामकला बायांत जाऊन बसली. बंगाली तिला कळत नव्हती. पण राणीच्या हातून पोर ओढून नेलं तेव्हा तिला रडू आलं. शेजारची बाईही रडत होती. तिनं सरकून शामकलेला जागा दिली, नंतर पानही दिलं.

नाटक संपलं आणि गर्दी दोन्ही अंगांनी फुटली. शामकला बाहेर आली तेव्हा सुकराम दिसेना. ती मांडवाजवळ थांबली. कंदील विझवू लागले, माणसं पांगली, तरी तो आला नाही. ट्रामही बंद झाल्या होत्या. तिनं एका हिंदी बोलणाऱ्या पानवाल्याला हावडा विचारलं. त्यानं ट्रामच्या पटऱ्यांकडे बोट दाखवलं. ती पटऱ्यांच्या कडेनं चालू लागली. ओट्यांवर माणसं गप्पा मारत होती, कोणी भजी तळत होतं, कुठं पेटी वाजत होती. आपल्याला भीती वाटत नाही, हे पूल दिसल्यावर तिच्या ध्यानात आलं. पुलाच्या तोंडाशी तिनं पैशाचे मुरमुरे घेतले.

सुकराम धर्मशाळेत आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. त्याचं धोतर चिखलानं भरलं होतं.

"कुठं होतीस?"

"इथंच. तुमी कुठं होते?"

"साऱ्या गल्ल्या पाहिल्या. चौकीत जाऊन आलो." तो खाली बसला. "तुले भेव नाई वाटला?"

"नाई वाटला. काऊन नाई वाटला ते मले बी नाई समजत." तिनं मुरमुऱ्यांचा पुडा त्याच्यापुढे केला. "उद्या पुन्हा जाऊ. तुमी माह्या मागं मागं चाला."

दुसऱ्या रात्री तो खरंच तिच्या मागं चालला.

दोघं घरी परतली तेव्हा दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्रा, अजून सुरू होत्या. शेजारच्या गावात दंडार, म्हणजे रात्रभर चालणारं गाण्या-नाचाचं नाटक, होती. शामकलेनं दोन बाया गोळा केल्या आणि नऊवारी खोचून निघाली.

"रातीची कुठं चालली?" सासूनं विचारलं.

"दंडार पाहाले."

सासूनं सुकरामकडे पाहिलं. तो ड्युटीवर निघाला होता. "जाऊ दे, माय," तो म्हणाला. "ते रस्ता नाई चुकत."

सकाळी तो जेवायला बसला तेव्हा ती दंडारीतली गोष्ट सांगू लागली. राजा कसा होता, सोंगाड्या काय बोलला, कोणाचा फेटा सुटला. सुकराम रात्रभरचा जागा होता. राजा वनवासात गेला तिथवर त्यानं ऐकलं आणि ताटावरच पेंगू लागला. तिनं त्याच्यापुढचं ताट सरकवलं आणि उरलेली गोष्ट सासूला सांगितली.