नकाराचा गुन्हा

पुकारा झाला तेव्हा वैजयंती आधीच उभी राहिली होती. सात वर्षांत ‘आरोपी’ या हाकेला ओ द्यायची तिला सवय झाली होती. न्यायाधीशांनी कागदावरून नजर न उचलता निकाल वाचला. लग्नाला नकार देणं म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करणं नव्हे. निर्दोष. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मालेगावात ती नर्सिंग शिकत होती, तेव्हा अमरदीप समोरच्या मोबाइलच्या दुकानात कामाला होता. मुलगा वाईट नव्हता. त्यानं विचारलं, तिनं नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, तेव्हाही नाहीच म्हटलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गेला. चिठ्ठीत तिचं नाव होतं.

अकरा दिवस कोठडी, मग जामीन, मग तारखा. कधी साक्षीदार गैरहजर, कधी तपास अधिकाऱ्याची बदली, कधी वकिलांचा संप. सरकारी भरतीत दोनदा तिचं नाव लागलं आणि दोन्ही वेळा चारित्र्य पडताळणीत अडकलं. आता ती एका खाजगी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. आलेली स्थळं कोर्टाचं नाव ऐकूनच परतली. मग तिच्या वडिलांनी बघणंच सोडून दिलं.

बाहेर आल्यावर तिच्या वकिलांनी अजून एका कागदावर सही घेतली. सरकारनं अपील केलं तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बाँड होता. सुटल्यावरही बांधून ठेवतात का, असं तिनं विचारलं. कायदाच तसा आहे, असं म्हणून ते दुसऱ्या कोर्टात गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर धुरपताबाई बसली होती. अमरदीप तिचा एकुलता एक. सात वर्षं दोघी याच व्हरांड्यात समोरासमोर बसत आल्या होत्या, पण ती साक्षीदार, तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही, असं वकिलांनी वैजयंतीला बजावलं होतं. सरकारी वकील घाईत निघून गेले होते. म्हातारीला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. तिनं वैजयंतीलाच विचारलं,

“काय म्हनलं साहेबायनं?”

वैजयंती तिच्यासमोर थांबली. “मले सोडलं, मावशी.”

“मंग माह्या पोराचा गुन्हेगार कोन?”

“कोनीच नाही म्हनले.”

एवढी वर्षं एसटीचे धक्के खाल्ले ते कायले, असं धुरपताबाई पुटपुटली. ते वैजयंतीला विचारलं होतं की स्वतःला, ते कळलं नाही.

“मले त्याच्या दहाव्याले यायचं होतं,” वैजयंती म्हणाली.

“आली असती तं मारलं असतं म्या तुले.”

“तरी यायचं होतं.”

म्हातारी उठू लागली तर गुडघे साथ देईनात. वैजयंतीनं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. खांबाला धरून ती स्वतःच उठली, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि एकेक पायरी उतरू लागली.

बसस्टँडचा रस्ता दोघींचा एकच होता. वैजयंतीची बस सुटायला सात मिनिटं होती. तिनं म्हातारीला मागं टाकलं नाही. चार पावलं मागं राहून, तिच्याच चालीनं ती चालत राहिली.