दोन सरपंचांचे मचाण

मित्रांनो, मी एक जुने लाकडी मचाण आहे. उत्तर समुद्रातले एक छोटे बेट आणि समोरचा किनारा यांच्या मधल्या खाजणात चार उंच पायांवर उभे आहे. ओहोटीला लोक इथून चालत ये-जा करतात. वाटेत भरतीने गाठले, तर माझ्यावर चढून जीव वाचवतात.

पण दोन गावांची हद्द नेमकी माझ्याखालून जाते. शिडी कुजली तेव्हा बेट म्हणाले, किनाऱ्याने दुरुस्त करावी. किनारा म्हणाला, बेटाने. प्रत्येक भरतीला मला धडकी भरे. आज कोणी आले तर?

एका मार्चात दोन्ही सरपंच हद्द बघायला आले. बेटाच्या केइकेबाई आणि किनाऱ्याचे टाडे.

"शिडी तुमच्या बाजूला आहे, टाडे. डोळे आहेत ना?"

"सतरा माणसांचं गाव, अन् तोरा राजधानीचा!"

भांडता भांडता धुके उतरले. मित्रांनो, भरती समोरून येत नाही. ती मागच्या ओहोळांतून गुपचूप भरते. मला दिसत होते, पण मी ओरडणार कसे?

"टाडे," केइकेबाई एकदम हळू म्हणाल्या, "तुमचे बूट बघा."

पाणी घोट्यांवर आले होते. बेट दिसेना, किनारा दिसेना. केइकेबाई कशाबशा चढल्या. टाडेंच्या पायाखाली मात्र पायरी मोडली. मग दुसरी. पाणी कमरेला लागले.

"केइके, सोडू नकोस गं मला!"

"खांबाला मिठी मारा! हं, वर या!"

पालथ्या पडून, कॉलरला धरून केइकेबाईंनी टाडेंना वर ओढले. तेवढ्यात माझा एक पाय चिखलात सरकला. एवढे भ्यायले नव्हते मी कधीच. लाटा फळ्यांना खालून धडका देत होत्या आणि ते दोघे एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"हलू नका. हा पाय जातोय."

"कुणाकडचा आहे तो?" टाडेंनी कापत विचारले.

कोणीच हसले नाही.

संध्याकाळी धुके विरले आणि बेटावरची होडी आली. पुढच्या ओहोटीला दोन्ही गावांची माणसे हातोडे घेऊन आली. टाडे मात्र पुन्हा खाजणात उतरले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादा पुलाचा कठडा असेल, विहिरीची पायरी असेल. ती कोणाची, ते नंतर ठरवा. आज जाऊन एकदा हाताने हलवून बघा.