आधी फोन कुणाला

नीलाला सुनयनाताईंचा हेवा वाटायचा, आणि ती तो स्वतःपासून लपवतही नव्हती. दिल्लीत, द्वारकेतल्या त्यांच्याच सोसायटीत, तीन मजले खाली राहणाऱ्या सुनयनाताई म्हणजे सैन्याच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. नीलाचा नवरा विश्वास ताप आला तरी त्यांना विचारी आणि दही लागलं नाही तरी त्यांनाच. दह्याचा नि नर्सिंगचा काय संबंध, देव जाणे!

त्यात गणपतीत लेकीचा, तनयाचा पाय मुरगळला. नीलानं घाबरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. सुनयनाताईंनी पाय पाहिला.

"पाऊल टेकतेय, बोटं हलताहेत. ऑटोनं मार्केटमधल्या क्लिनिकमध्ये न्या, एक्स-रे काढतील, बस्स. ती गाडी जिवावर बेतलेल्या माणसासाठी असते गं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मात्र मिनिटभरही थांबू नकोस."

विश्वासनं हा किस्सा आरतीला जमलेल्या प्रत्येकाला रंगवून सांगितला. मोदक वाढता वाढता नीलाच्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्याच महिन्यात, एका रविवारी सकाळी विश्वासच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळला.

"अहो, नीट प्या की!"

तो हसला, पण अर्ध्याच तोंडानं. डावा हात मांडीवरून उठेना. जड जिभेनं तो म्हणाला, "सु...नयनाताईंना... बोलाव."

नीला ताडकन उठली, आणि त्याच क्षणी तिच्या मस्तकात तिडीक गेली. तोंड वाकडं झालं तरी नाव तिचंच! मेले तरी तिला बोलावणार नाही, असं मनात म्हणत तिनं ११२ लावला.

"पति को लकवा मार गया लगता है. अभी, नौ बजकर दस मिनट पर. जल्दी भेजिए, भैया!" पत्ता तिनं दोनदा सांगितला.

सायरन ऐकून सुनयनाताई धावत आल्या आणि लिफ्ट धरून उभ्या राहिल्या.

इस्पितळात चौथ्या दिवशी विश्वासची जीभ मोकळी झाली. भेटायला आलेल्या सुनयनाताईंना त्यानं हात जोडले.

"ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

संत्रं सोलणाऱ्या नीलाचं नख सालीत खोल रुतलं.

"छे हो! मी नुसती लिफ्ट धरली. फोन नीलानं केला. लोक आधी मला हाका मारतात, त्यात मोलाची मिनिटं जातात. हिनं मला विचारलंसुद्धा नाही. कसं सुचलं गं?"

विश्वास नीलाकडे बघत राहिला. अशा कौतुकानं तो आजवर फक्त ताईंकडेच बघायचा. वीस वर्षं हवी होती ती नजर आज मिळाली, तीही या बाईच्या शब्दावर! नीलाला रडूही आलं आणि रागही.

"तुम्हीच शिकवलं होतंत," ती म्हणाली.

ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिनं गिळलं आणि संत्र्याची पहिली फोड सुनयनाताईंच्या हातावर ठेवली.