जूनमध्ये घासायचा थर

सांडूच्या रंगाच्या गनचं भोक एक मिलिमीटरचं होतं. गाळण्यावर उरलेले खडूचे कण त्याहून थोडे मोठे. सकाळपासून गन तीनदा का तुंबली, ते कळलं.

मी सगळं मिश्रण जुन्या ओढणीतून पुन्हा गाळलं. सांडूनं मोठ्या भोकाचं नोझल बसवलं, कॉम्प्रेसरचा दाब कमी केला. तो बजाजनगरात घरं रंगवतो. माझ्या पॉलिहाउसच्या प्लास्टिकवर उन्हाळ्यापुरता खडूचा सावलीचा थर मारायला पहिल्यांदाच आला होता. शिडीवरून त्यानं नमुन्याचा पट्टा मारला. भिंतीसारखा, सलग पांढरा.

"पातळ हवा, सांडूभाऊ. ठिपके राहू द्या."

"ठिपके? लोक म्हणतील, सांडूला दिसंना झालं."

"इथं कोण बघायला येतंय?"

त्यानं शिडीवरून चारी बाजूंना पाहिलं. "ते बी खरं हाय, बाई."

आई जाऊन दोन वर्षं झाली. शाळेतून मी त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. आता या दहा गुंठ्यांत मी आणि ढोबळी मिरची. कधी कधी दिवसातला पहिला शब्द दुपारी तोंडातून निघतो आणि आवाज घोगरा येतो.

हात खडूनं भरलेले असताना तनुजाचा फोन आला. धाकटी बहीण, पुण्याला असते. मी स्पीकर लावला.

"मे महिन्यात तुला कायमचं न्यायला गाडी घेऊन येते. तुझी खोली तयार आहे. या वेळी नक्की सांग, ताई."

"बघू," मी म्हणाले. दोन वर्षं हेच म्हणत होते.

सांडूनं शेजारी ठिपक्यांचा पातळ पट्टा मारला; त्याखाली जाऊन मी लक्समीटर धरला. उजेड एक तृतीयांश कमी झाला होता. पुरेसा.

सांडूनं थर चिकटून राहावा म्हणून घालायच्या बाइंडरचा डबा उघडला. "हे किती घालू?"

"कमी घातलं तर अवकाळी पावसात धुऊन जाईल. जास्त घातलं तर टिकेल, पण जूनमध्ये घासून काढावं लागेल. नाहीतर ढगाळ दिवसांत झाडांना उजेड पुरायचा नाही."

"मग कमीच घालतो. जूनला घासायला हितं हाय कोण? तुमी तर मे मधी चालल्या."

त्यानं डबा तिरका केला. मी त्याचा हात धरला.

"जास्त घाला. जूनमध्ये मीच घासणार आहे," मी म्हणाले. "मी पुण्याला जाणार नाही."